समिधाची आई

आमच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दाराच्या कडीला पिवळा नॅपकिन अडकवलेला दिसला की कुणी आवाज करायचा नाही. हा नियम सोसायटीच्या सभेत झालेला नाही, मी केलेला आहे, म्हणून तो पाळला जातो. कचरेवाला बेल दाबत नाही. वरची मुलं जिन्यावरून उड्या न मारता माणसासारखी उतरतात. नियम एकदाच मोडला, तो आवडाबाईने. ती चेंदणी कोळीवाड्यातून टोपली घेऊन येते, माझ्या लग्नाच्या आधीपासून वर्तकनगरात येतेय, आणि नॅपकिनबिपकिन ती जुमानत नाही. "ए बाय, बोंबील घेतंस का नाय?" अशी तिने दारातून हाक मारली, ती थेट अमेरिकेत पोचली. तिथून उलट विचारणा आली, की मागे ओरडणाऱ्या बाईंना काही मदत हवी होती का? आवडाबाईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग घेनार हाय का तो बोंबील?"

दार नीलाचं. नीला चाळिशीची, बी.कॉम. झालेली, आधी वागळे इस्टेटमधल्या एका कुरिअरच्या ऑफिसात होती. नोकरी सुटली ती दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये. नवरा यज्ञेश तिकडेच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. घरात दोघंच. यज्ञेश माणूस सज्जन, पण बोलण्याचं त्याला वावडं आहे. जिन्यात भेटला तर मान हलवतो. मान कुठल्या बाजूला हलली यावरून होकार की नकार ते आपण ठरवायचं. त्या घरात दिवसभर फक्त फ्रिज बोलतो, असं मी एकदा नीलाला म्हटलं होतं. ती हसली, पण मला नंतर ते बोलल्याचं वाईट वाटलं.

तर तिने हे काम शोधून काढलं. वेबसाइट आणि ॲप तपासून द्यायचं. कुणी नवं दुकान काढलं, बँकेचं काही काढलं, प्रवासाचं काढलं, की ते लोकांपुढे आणण्याआधी चार अनोळखी माणसांना वापरायला देतात. नीला घरी लॅपटॉपपुढे बसते, पडद्यावर काय काय होतंय ते आणि तिचा आवाज दोन्ही रेकॉर्ड होतं, आणि हे बटण कुठे लपवलंय, हे अक्षर मला वाचता येत नाही, इथे मी चिडले, असं सगळं तिने बोलून दाखवायचं. मला समजावून सांगितलं तेव्हा मी थक्क झाले. म्हटलं, "म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात जायचं, नावं ठेवायची, आणि वर पैसे घ्यायचे? अगं, मी हे जन्मभर फुकट करत आलेय!"

पैसे काही घर चालवण्याइतके नव्हते. भाजी, मोबाइल, कधी एखादी साडी, इतकंच. पण या कामाची एक अट तिला फार आवडली. गप्प बसायचं नाही. जरा गप्प झालं की पडद्यावर आठवण यायची, कृपया मनात येईल ते बोलत राहा. "ताई, मला आजपर्यंत असं कुणी म्हटलं नाही हो," ती म्हणाली.

अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक कामाआधी चाळणी लागायची. गाडी आहे का? कुत्रा आहे का? गेल्या काही महिन्यांत विमानाने गेलात का? नाही म्हटलं की पाटी यायची, तुम्ही या चाचणीसाठी पात्र नाही. आता आमच्या इमारतीत कुणाकडे कुत्रा आणि कोण विमानाने जातंय! त्यातून सगळ्यात जास्त कामं आईबापांना. लहान मुलांचे बूट, शाळेच्या फिया, बालवाडीची गाणी, वाढदिवसाचे केक. तुम्हाला मूल आहे का? नाही. पात्र नाही.

"हे मी दवाखान्यात ऐकलंय, सासरी ऐकलंय," नीला मला म्हणाली, "आता लॅपटॉप पण तेच सांगतोय."

यामागचं सांगायला हवं. लग्नानंतर काही वर्षांनी तिला दिवस गेले होते, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगी होती, असं नर्सने सांगितलं. नीला घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी यज्ञेश डबा घेऊन कामावर गेला. पुढे डॉक्टर बदलले, उपास झाले, सुया झाल्या, मग एक दिवस तेही थांबवलं. पण त्या मुलीबद्दल त्या घरात कधी शब्द निघाला नाही. "त्यांना काही वाटलंच नाही ताई. ते कामावर गेले." हे वाक्य मी नीलाकडून भाजी निवडताना ऐकलंय, गच्चीवर पापड वाळवताना ऐकलंय, माझ्या आजारपणात माझे पाय चेपतानाही ऐकलंय. यज्ञेशवर मी मनात राग धरला होता तो यामुळेच.

एके दुपारी तिने 'हो' दाबलं. मूल आहे. वय? चार. मुलगा की मुलगी? मुलगी. पडदा लगेच उघडला आणि मुलांच्या बुटांचं दुकान समोर आलं. नाव कुणी विचारलंच नव्हतं. ते तिने आपण होऊन ठेवलं. बूट बघता बघता इंग्रजीत म्हणाली, समिधाला अजून नाडी बांधता येत नाही, तिला चिकटपट्टीचे हवेत. मग नॅपकिन काढायचं विसरून ती तशीच माझ्याकडे आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा लाल झालेला.

मी चिडले. चांगली चिडले. "अगं, पकडली गेलीस तर हाकलून देतील ना!"

"देऊ देत," ती म्हणाली. "ताई, चार वर्षांच्या मुलींना अंधाराची भीती वाटते का हो?"

आता या प्रश्नाला मी काय सांगणार होते? मी दोन मुलं वाढवलीत. माझ्या विनीतला अंधाराची इतकी भीती वाटायची की मोरीपर्यंत सोबत जावं लागे. आता तो डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि मला भीती वाटते तेव्हा त्याचा फोन लागत नाही, ते जाऊ दे. ती भीती मी समिधाला देऊन टाकली. मग विनीतची दुधावरची साय न खाण्याची खोड दिली. कानाच्या पाळीला हात लावून झोपायची सवय माझ्या मुलीची, तीही दिली. विनीतचे पुढचे दोन दात क्रिकेटमध्ये पडले होते, ते मात्र दिले नाहीत. मुलीचे दात नीट आपले आपण पडावेत.

अशी ती वाढली. चारची पाच झाली, पाचची सहा. कधी जपानातल्या खेळण्यांच्या दुकानापुढे, कधी लंडनच्या एका वाचनालयापुढे नीला तिच्याबद्दल बोलायची. कामं भराभर मिळायला लागली. तिच्या रेकॉर्डिंगना पाच तारे पडायचे, फार जिवंत बोलता म्हणून शेरे यायचे. आणि रेकॉर्डिंग संपलं की ती एकदम गप्प व्हायची. एकदा मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "काही नाही. आता पुढचं काम येईपर्यंत ती नाही ना." मी तिला कांदे चिरायला बसवलं, म्हणजे दोघींचीही सोय झाली.

सांगायला काय जातंय, मलाही त्या पोरीचा लळा लागला होता. दिवाळीत कंदिलाच्या दुकानापुढे मी उभी राहिले आणि छोटा कंदील हातात घेऊन परत ठेवला. कुणासाठी बघताय, असं दुकानदाराने विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

मग यंदा ते मराठी काम आलं. पुण्यातली कुठलीशी नवी कंपनी, मुलांना मराठी गोष्टी ऐकवणारं ॲप काढत होती. या वेळी नुसतं रेकॉर्डिंग नव्हतं. समोरासमोर, व्हिडिओवर, त्यांची बाई प्रश्न विचारणार. मुलीला गोष्टी कोण सांगतं, कधी सांगतं, ती काय म्हणते. जमलं तर आई आणि बाबा दोघंही हवेत, असं लिहिलं होतं.

"नाही म्हणून टाक," मी म्हटलं. "बुटांच्या दुकानाशी खोटं बोलणं वेगळं. ही बाई तोंडाकडे बघत विचारणार आहे."

नीला बोटातली अंगठी फिरवायला लागली. मग म्हणाली, "ताई, समिधा आजवर इंग्रजीतच वाढली हो. मी तिला एकदाही मराठीत काही म्हटलेलं नाही. एकदाच बोलते. मग बंद करते सगळं."

मी नुसतं विचारलं, "आणि बाबांचं काय सांगणार आहेस?"

बाबा कामावर असतात, असं सांगायचं ठरलं. वेळ शुक्रवारची घेतली, कारण यज्ञेशच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असते आणि त्या दिवशी तो घरात नसतोच. दर शुक्रवारी सकाळी डबा घेऊन आंबिवलीजवळ मोहन्याला जातो, वडिलांकडे. त्याचे वडील दामाजी तिथल्या जुन्या रेयॉन कंपनीत कामाला होते. कंपनी बंद पडून जमाना झाला, आजूबाजूची माणसं गेली, पण म्हातारा खोली सोडून हलत नाही. नीला सोबत जात नाही. सासू होती तेव्हा तिथे गेलं की वंशाचा दिवा वगैरे सुरू व्हायचं, तेव्हापासून तिचं ते घर सुटलं. यज्ञेश एकटाच जातो आणि दिवेलागणीला परत येतो. त्याला उजेडी परतलेलं मी कधी पाहिलं नाही.

शुक्रवारी नीलाने जांभळी साडी नेसली. बाई फक्त खांद्यापर्यंत बघणार होती, तरी निऱ्या नीट बसवल्या. कडीला नॅपकिन अडकवला. दार मात्र किलकिलं ठेवावं लागलं, कारण वायफाय माझं आहे आणि तिचं दार लागलं की ते तिच्याकडे पोचत नाही. मी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन जिन्यात पहाऱ्याला बसले. मांडीवर लसूण सोलायला घेतला होता, म्हणजे उगाच बसलेय असं दिसायला नको.

समोरून आवाज आला, "नमस्कार, मी विनिता. समिधाच्या आई ना तुम्ही?"

समिधाची आई. हे नीलाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी जिन्यात बसून ते ऐकलं आणि माझ्या हातातला लसूण तसाच राहिला.

"हो," नीला म्हणाली, "मीच."

मग ती बोलायला लागली. मी इतकी वर्षं तिच्यासमोर राहते, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. "निजताना तिला गोष्ट लागतेच. रोज तीच हवी असते, आणि मी कंटाळून मधला भाग गाळला की लगेच पकडते. आई, तू उडी मारलीस, म्हणते. दिवा घालवू देत नाही. कानाची पाळी धरून झोपते, माझी. गोष्ट संपली तरी मी हात सोडवत नाही, जाग येईल म्हणून." यातलं थोडं माझ्या मुलांचं होतं, बाकीचं तिचं तिने केव्हा जमवलं होतं ते मला माहीत नव्हतं. पडद्यावरची विनिता मधूनमधून "अय्या, गोड!" म्हणत होती.

आणि जिन्यात पावलं वाजली.

यज्ञेश वर येत होता. हातात डब्याची पिशवी, तशीच भरलेली. मी स्टूल सारून उठले, लसणाची सालं जिनाभर. "भाऊजी, एवढ्यात?"

"गेलेलो," तो म्हणाला. "अण्णा नाहीत घरी. मुरबाडला गेलेत माझ्या बहिणीकडे."

"मग माझ्याकडे या ना. चहा टाकते. आत रेकॉर्डिंग चाललंय तिचं."

त्याने नॅपकिनकडे पाहिलं, मान हलवली, आणि आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन हळूच दार ढकललं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले असते तर पुण्यापर्यंत गेलं असतं. मी दाराच्या फटीशी जाऊन उभी राहिले. तिथून निघायला हवं होतं, पण मी तशी चांगल्या वळणाची बाई नाही.

तो नीलाच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. तिला पत्ता नव्हता. ती सांगत होती, "समिधा पडली ना, की रडत नाही. आधी बघते कुणी पाहिलं का. पाहिलं असेल तरच रडते." ती हसली. यज्ञेश हसला नाही, हलला नाही. किती वेळ उभा होता कोण जाणे. मला वाटलं, आता हा माणूस दोन शब्दांत तिचं सगळं मोडणार. तिच्याकडे जे काही होतं ते त्या लॅपटॉपपुढच्या खुर्चीत होतं, आणि ते आता जाणार.

"अरे, मागे कोण, बाबा का?" विनिता म्हणाली. "या ना, बसा ना! बरं झालं आलात."

नीलाने वळून पाहिलं. तिचा चेहरा मला दिसला. तसा मला पुन्हा कधी बघायला लागू नये.

यज्ञेशने चपला खाली ठेवल्या. दुसरी खुर्ची ओढली. "हो," तो म्हणाला, "मी बाबा."

"तुम्ही पण सांगता का समिधाला गोष्टी?"

त्याने नीलाकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत होता. "रात्रीच्या हिच्याकडे," तो म्हणाला. "माझ्या शुक्रवारी. आम्ही मोहन्याला जातो. आजोबा असतात तिकडे." तो थांबला. मला वाटलं संपलं, याच्यासाठी एवढंच भाषण झालं. पण तो पुढे बोलत राहिला. "आंबिवलीला उतरतो आणि चालत जातो. रिक्षा मिळते, पण चालतच. कंपनीची भिंत लागते मोठी. आत काय आहे, विचारते. मी सांगतो, इथे आजोबा लाकडापासून धागा काढायचे. तिला खोटंच वाटतं. लाकूड कडक असतं, म्हणते, त्याचा धागा कसा निघेल? मग मी सांगतो, कसा ते. पुढे नदी लागते, तिथे थांबतो जरा. पाण्यात खडे टाकते. दमली की खांद्यावर घेतो. खांद्यावरून तिला पलीकडचं दिसतं, मग काय दिसतंय ते ती मला सांगते."

इतकं बोलताना मी त्याला उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नीला त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे डोळे वाहत होते, पुसायचं तिच्या लक्षातच नव्हतं.

"किती छान!" विनिता म्हणाली. तिला वाटलं असेल, प्रेमळ कुटुंब आहे. "म्हणजे चालताना ऐकायच्या गोष्टी पण हव्यात आम्हाला. बरं, समिधा आहे का घरी? एक मिनिटच, नुसतं हाय म्हणायला बोलवाल तिला?"

"बोलावतो," यज्ञेश म्हणाला आणि उठला.

मला वाटलं, वेळ मारून नेतोय, आता येऊन सांगेल की झोपली आहे. पण तो आतल्या खोलीच्या दाराकडे दोन पावलं गेला, आणि त्याने तोंड उघडलं ते हाक मारायलाच. त्याची पाठ सांगत होती. नीला ताडकन उठली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"बसा," ती म्हणाली. "अहो, बसा इथे. नका हाक मारू." मग ती लॅपटॉपकडे वळली. "मॅडम, आत कुणी नाही. आम्हाला मूल नाही. कामं मिळावीत म्हणून मी हो लिहिलं होतं. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

पलीकडून ती पोरगी हळू आवाजात म्हणाली की असं असेल तर तिला थांबावं लागेल, आणि वर कळवावंही लागेल. आवाजावरून ती रडवेली झाल्यासारखी वाटली. नीला म्हणाली, "कळवा, बाळा. ते बरोबरच आहे." आणि तिने लॅपटॉप मिटला. खातं बंद होणार हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. पुढच्या आठवड्यात ते झालंच.

दोघं मिटलेल्या लॅपटॉपपुढे शेजारी शेजारी बसून राहिले. तिने त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं. डब्याची पिशवी जमिनीवर पडली होती.

"रागावलात?" नीलाने विचारलं.

त्याने मान हलवली. या वेळी कुठल्या बाजूला हलली ते मला स्पष्ट कळलं.

"मग ते सगळं कुठून आलं? भिंत, नदी, खडे. तुम्हाला तर मी काहीच सांगितलं नव्हतं."

"दर शुक्रवारी जातो ना," तो म्हणाला.

"एकटे जाता तुम्ही."

त्याने मोकळ्या हाताने डब्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

नीला त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, आणि तिचा आवाज इतका बारीक होता की मला कान फटीला लावावा लागला, "खांद्यावर घेता तिला?"

"तुझी लहान आहे, म्हणून तसं सांगितलं," यज्ञेश म्हणाला. "माझी सातवीत आहे गं. चालते ती."